कम्युनिटी कॉलेजात नेटवर्किंग किंवा डिजिटल डिझाइन शिकायचंय? आधी कागद, मग आराखडा, मग वर्ग

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आलेल्या मैत्रिणींचे मला दर जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये फोन येतात. प्रश्न दोनच प्रकारचे असतात. "अगं, फी एवढी कशी आली?" आणि "वर्ग झेपत नाहीये, आता सोडला तर काय होईल?" दोन्हींची उत्तरं तीन-चार महिने आधी शोधायची असतात. पण तेव्हा सगळ्यांचं बोलणं चालू असतं ते सायबर सिक्युरिटी घ्यावं की यूएक्स (ॲप-वेबसाइट वापरायला सोपी करण्याचं डिझाइन), यावर.

विषय कोणता, हा चौथा प्रश्न आहे. त्याच्या आधी तुमचा व्हिसा काय करू देतो, मग रहिवासी दर्जा, मग अर्ज आणि काउन्सेलर. हा क्रम उलटा झाला की पैसे तरी जातात किंवा सेमिस्टर तरी.

खाली लिहिलंय ते कॅलिफोर्नियाच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांबद्दल. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. बे एरियात राहणाऱ्यांना फ्रीमाँटचं ओलोनी, सँटा क्लाराचं मिशन, क्युपर्टिनोचं डी अँझा, लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही नावं ओळखीची असतील. दुसऱ्या राज्यात असाल तर फी आणि रहिवासाचे नियम तिथले बघा. पुढचे शिकण्याचे टप्पे तुम्हालाही लागू पडतील.

## १. व्हिसा काय करू देतो ते आधी लिहून काढा

एच-४ वर शिकायला मुभा आहे. पूर्णवेळ, अर्धवेळ, एकच वर्ग किंवा सगळे वर्ग ऑनलाइन, कसंही चालतं. आय-२०, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी-व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, लागत नाही. "शिकायचं म्हणजे एफ-१ करावं लागेल" असं अजूनही कुणी ना कुणी सांगतं, ते चूक आहे.

काम मात्र करता येत नाही, हातात ईएडी (काम करण्याचं परवानापत्र) असल्याशिवाय. एच-४ ईएडीचा नियम मे २०१५ पासून आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. जोडीदाराची आय-१४० (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची याचिका) मंजूर झालेली हवी, किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळालेला हवा. एल-२ वाल्यांचं (कंपनीने बदली करून आणलेल्याच्या कुटुंबाचं) वेगळं आहे: आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीवर, एल-२एस असं लिहिलेलं असेल तर जोडीदाराला निराळ्या ईएडीची गरज नाही.

डिझाइन शिकणाऱ्यांसाठी हा मुद्दा जास्त नाजूक आहे. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत ओळखीतून विचारणा सुरू होते. कुणाला डब्याच्या घरगुती व्यवसायासाठी लोगो हवा असतो, कुणाला नाटकाचं पोस्टर. "दोनशे डॉलर घे ना, एवढी मेहनत करतेस." पैसे घेऊन केलेलं हे काम नोकरीच्याच वर्गात मोडतं. फ्रीलान्सच्या साइटवरून मिळालेलं काम, पगारी इंटर्नशिप, कॉलेजातली विद्यार्थ्यांसाठीची पगारी कामं, सगळ्यांना हाच नियम. इथे बसून भारतातल्या कंपनीचं काम करणंही सुरक्षित समजू नका; वकिलाला विचारल्याशिवाय हात घालू नका. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी अशी जुनी कामं अडचणीची ठरू शकतात.

ओपीटी (शिक्षणानंतर ठरावीक काळ काम करायची परवानगी) मिळेल या आशेने एफ-१ कडे वळण्याआधी किंमत समजून घ्या. दर सेमिस्टरला किमान १२ युनिट (वर्गाचं वजन मोजायचं माप) घ्यावे लागतात, त्या १२ मध्ये ऑनलाइनचा एकच वर्ग धरतात, आणि फी बाहेरच्या विद्यार्थ्याची लागते.

तपासा: आय-९४ ची मुदत कधी संपते? तुम्ही घेणार ते सेमिस्टर त्याआधी संपतं का? मुदतवाढीचा अर्ज केला असेल तर त्याची पावती हाताशी ठेवा, कॉलेज मागू शकतं.

## २. रहिवासी दर्जा: सगळ्यात महाग चूक इथे होते

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला फी आहे युनिटमागे ४६ डॉलर. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर, चालतात, तिथे क्वार्टर युनिटमागे ३१ डॉलर. रहिवासी नसाल तर यावर अनिवासी शुल्क चढतं आणि ते बहुतेक ठिकाणी युनिटमागे ३०० डॉलरच्या वर असतं. म्हणजे तीन युनिटचा जो वर्ग शेजारणीला १३८ डॉलरला पडला, तोच तुम्हाला हजाराच्या पुढे.

एच-४ वाल्यांना रहिवासी होता येतं. अटी दोन: राज्यात एक वर्षाहून जास्त राहणं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवणं. वर्ष मोजतात ते सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. अर्जाच्या तारखेशी त्याचा संबंध नाही.

समजा तुम्ही १० सप्टेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात. २०२५ चं फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू झालं. दोन-तीन आठवडे कमी पडले आणि अख्ख्या सेमिस्टरची फी अनिवासी दराने. जानेवारीत सुरू होणाऱ्या स्प्रिंगला तुम्ही बसता, पण कागद असतील तरच.

इथे बहुतेकींची गाडी अडते, कारण घरातला प्रत्येक कागद नवऱ्याच्या नावावर असतो. लीज त्याची, पीजी अँड ई चं विजेचं बिल त्याचं, बँक खातं त्याचं. "तो तर सहा वर्षं इथे आहे" हे उत्तर चालत नाही. लग्नाने रहिवास आपोआप मिळत नाही, प्रत्येकाचा स्वतंत्र मोजतात. म्हणून आल्याच्या पहिल्या महिन्यातच एवढं करा:

- लीजवर तुमचं नाव घालून घ्या. मधेच घालायचं तर लीजिंग ऑफिसला विचारा, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी विसरू नका.
- बँक खातं संयुक्त करा आणि स्टेटमेंटवर दोन्ही नावं दिसतात का ते बघा.
- कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र काढा. गाडी चालवायची नसली तरी.
- राज्याचं कर विवरणपत्र दोघांच्या नावाने भरा. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर आयटीआयएन हा कर भरण्यासाठीचा नंबर लागेल.
- एक तरी बिल तुमच्या नावावर घ्या.

मध्ये महिनाभर पुण्याला जाऊन आलात तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत. पण तिकिटं जपून ठेवा आणि त्या काळात इथली लीज चालू असू द्या.

वर्ष पूर्ण व्हायचं असेल तर तो काळ वाया घालवू नका. नॉनक्रेडिट वर्गांना, म्हणजे ज्यांचे युनिट मिळत नाहीत त्यांना, फी नसते. इंग्रजी बोलण्याचे आणि संगणकाच्या प्राथमिक ओळखीचे बरेच वर्ग त्यात असतात. सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीवर नेटवर्किंगचे प्राथमिक अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य करता येतात. शिवाय सहा किंवा कमी युनिट घेणाऱ्या अनिवासी विद्यार्थ्यांना शुल्क माफ करायची मुभा कायद्याने कॉलेज डिस्ट्रिक्टना दिलेली आहे. सगळे देत नाहीत. तुमचं देतं का, हे ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स या प्रवेशाच्या कार्यालयाला एक ईमेल करून विचारा.

सावधान: पोर्टलवर "अनिवासी" असं दिसत असेल तर "नंतर बदलून घेऊ" म्हणून वर्ग नोंदवून बसू नका. फेरवर्गीकरणाचा फॉर्म आणि कागद सत्र सुरू होण्याच्या बरेच आधी द्या. त्या कार्यालयाच्या खिडकीपाशी शेवटच्या आठवड्यात किती गर्दी असते ते मी पाहिलं आहे.

## ३. अर्ज: नाव, तारीख, ईमेल

अर्ज सीसीसीअप्लाय या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या साइटवर होतो, फुकट असतो, तासाभरात भरून होतो. घाई करू नका. इथल्या उत्तरांवरूनच तुमचा रहिवासी दर्जा पहिल्यांदा ठरतो. राज्यात कधीपासून आहात आणि व्हिसाचा प्रकार कोणता, हे दोन रकाने भरताना पासपोर्ट आणि आय-९४ समोर ठेवा. एसएसएन नसेल तर "नाही" असा पर्याय आहे. नवऱ्याचा नंबर घालू नका.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. पदवीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, "गिव्हन नेम" मध्ये पुन्हा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं. अर्जावर पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच नाव घाला. पुढे सर्टिफिकेशनची परीक्षा द्यायला जाल तेव्हा नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर बसू देत नाहीत, आणि फी बुडू शकते. जुन्या नावाची पदवी असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत फाइलमध्ये असू द्या.

खोट्या अर्जांचा सुळसुळाट झाल्यापासून कॉलेजं नव्या अर्जदारांची ओळख पडताळतात. त्याचा ईमेल स्पॅममध्ये गेला आणि उत्तर राहिलं तर अर्ज तिथेच अडकतो. आठवडाभर रोज स्पॅम बघा. कॉलेजचा स्वतःचा ईमेल मिळाला की तो फोनवर लावून घ्या, कारण पुढची प्रत्येक सूचना तिथेच येणार.

## ४. काउन्सेलरला भेटा, पण प्रश्न घेऊन

ओरिएंटेशन, इंग्रजी-गणितातलं स्थान ठरवणं आणि शैक्षणिक आराखडा ही तीन कामं पूर्ण केलेल्या नव्या विद्यार्थ्याला नोंदणीची तारीख लवकर मिळते. न करणाऱ्याला उशिरा, तोपर्यंत संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग भरून गेलेले असतात. मुलं शाळेत असतानाच ज्यांना वर्ग हवेत, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

नोंदणीच्या आठवड्यात काउन्सेलरची वेळ मिळणं अवघड. सेमिस्टरच्या मधल्या दिवसांत मागा, ऑक्टोबर किंवा मार्च. आणि "मी काय घेऊ?" हा प्रश्न नेऊ नका. अर्ध्या तासात त्याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. हे विचारा:

१. मला सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट पुरेल की असोसिएट डिग्री हवी?
२. या प्रोग्रॅममधला कोणता वर्ग वर्षातून एकदाच असतो?
३. कोणत्या वर्गाला पूर्वअट आहे आणि माझं भारतातलं शिक्षण त्यासाठी चालेल का?

पहिल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. असं काही हातात असेल तर पुन्हा ६० सेमिस्टर युनिटांच्या असोसिएट डिग्रीमागे जाऊ नका. त्यातले बरेच युनिट इतिहास, कला, आरोग्य अशा सामान्य शिक्षणाचे असतात. सर्टिफिकेटमध्ये फक्त कामाचे विषय असतात. पदवी अर्धवट राहिली असेल किंवा पुढे युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर मात्र डिग्रीचा रस्ता धरा, आणि प्रत्येक वर्ग असिस्ट या राज्याच्या साइटवर पडताळून घ्या. सिस्कोसारखे धंदेशिक्षणाचे बरेच वर्ग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया धरत नाही, हे दोन वर्षांनी कळलं तर फार वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. साखळीतला पहिला वर्ग फॉलला, दुसरा फक्त स्प्रिंगला, तिसरा पुन्हा फॉलला, अशी रचना असते. मधला एक चुकला की वर्षभर थांबायचं. कागदावर चार सेमिस्टर आखून, प्रत्येक वर्गापुढे तो कधी असतो हे काउन्सेलरकडून लिहून घ्या.

तिसऱ्यासाठी भारतातल्या ट्रान्सक्रिप्टचं मूल्यमापन लागतं. ते नेसेस या मूल्यमापन करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून आणि "कोर्स-बाय-कोर्स" (एकेका विषयाचं) प्रकारचं करून घ्या. नुसतं पदवीचं समतुल्यपत्र पूर्वअटीसाठी उपयोगी पडत नाही. आपल्या विद्यापीठांतून ट्रान्सक्रिप्ट मिळवायला वेळ लागतो, म्हणून भारतभेटीतच सीलबंद प्रती काढून आणा. पण पहिल्या वर्गाला पूर्वअट नसेल तर या खर्चाची आज गरज नाही.

## ५. पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक

एका युनिटच्या व्याख्यानाला आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास धरतात. तीन युनिट म्हणजे नऊ तास. प्रयोगशाळेचा एक युनिट म्हणजे लॅबमध्येच तीन तास, म्हणून नेटवर्किंगचा "चार युनिटचा" वर्ग नावापेक्षा जड असतो. आणि आठ आठवड्यांच्या छोट्या सत्रात तोच तीन युनिटचा वर्ग आठवड्याला अठरा तास मागतो. "लवकर संपेल" म्हणून छोटं सत्र निवडणाऱ्या बऱ्याच जणी तिसऱ्या आठवड्यात हात टेकतात.

पहिल्या सेमिस्टरला दोनच वर्ग घ्या. एक तांत्रिक, दुसरा हलका. शिकणं सोडून दहा वर्षं झाली असतील तर एकच घ्या. अभ्यास तुम्हाला येतोच, पण कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर) रोज लक्ष ठेवणं, चर्चा-फलकावर लिहिणं, रात्री ११:५९ च्या मुदती पाळणं याची सवय लागायला एक सत्र जातं.

असिंक्रोनस वर्गात ठरलेली वेळ नसते, सिंक्रोनसमध्ये ठरावीक वेळी झूमवर हजर राहावं लागतं, हायब्रिडमध्ये काही दिवस कॉलेजात जावं लागतं. नोंदणीच्या पानावर बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं. वाचा.

तपासा: कॅलेंडरवर नऊ तास खरोखर आखून दाखवता येतात का? डबे, शाळेची ने-आण, आल्या-गेल्याचं सगळं धरून? नसतील तर वर्ग कमी करा.

## ६. नोंदणी, प्रतीक्षा यादी आणि तीन तारखा

नोंदणी उघडेल त्याच दिवशी, त्याच तासाला बसा. वर्ग भरला असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घाला, मात्र त्याच वेळेचा दुसरा वर्ग आधीच घेतलेला नसावा. वेळा आदळल्या की यादीतून पुढे सरकत नाही. सत्र सुरू झाल्यावर जागा मिळते ती प्राध्यापकाने दिलेल्या ॲड कोडवरच. कोड ईमेलने आला म्हणजे प्रवेश झाला असं समजू नका, तो पोर्टलवर टाकावा लागतो, मुदतीच्या आत.

पहिल्या आठवड्यात ऑनलाइन वर्गाचं पहिलं काम सबमिट केलं नाही तर गैरहजर धरून नाव काढतात. नुसतं लॉगिन केल्याने हजेरी लागत नाही.

मग या तीन तारखा प्रत्येक वर्गासाठी वेगळ्या लिहून ठेवा: फी परत मिळण्याची शेवटची तारीख, "डब्ल्यू" (वर्ग सोडल्याची गुणपत्रिकेवरची नोंद) न लागता सोडण्याची, आणि "डब्ल्यू" घेऊन सोडण्याची. पूर्ण सत्राच्या वर्गाला पहिली साधारण दुसऱ्या आठवड्यात येते, शेवटची सत्राच्या तीन-चतुर्थांशाच्या सुमाराला. छोट्या सत्रात सगळ्या फार लवकर येतात.

वर्गात जाणं बंद केलं म्हणजे वर्ग सुटला, असं होत नाही. पोर्टलवर जाऊन सोडावा लागतो, नाहीतर गुणपत्रिकेवर थेट एफ येतो. आणि "डब्ल्यू" निरुपद्रवी दिसला तरी तो एक प्रयत्न म्हणून मोजतात. एकच वर्ग साधारणपणे तीनदाच घेता येतो.

## ७. यंत्र घेण्याआधी विषय बघा

नेटवर्किंगसाठी विंडोजचा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवावी लागतात, ८ जीबीत दम लागतो. ॲपलच्या एम-मालिकेच्या मॅकवर नेहमीच्या इंटेल पद्धतीच्या व्हर्च्युअल मशीन नीट चालत नाहीत, हे माहीत नसल्याने एका मैत्रिणीला अर्ध्या सत्रात दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. क्रोमबुक दोन्ही विषयांना अपुरं.

डिझाइनसाठी मॅक किंवा विंडोज दोन्ही चालतं. ॲडोबीचं सदस्यत्व लगेच विकत घेऊ नका. अनेक कॉलेजं त्या वर्गापुरता परवाना देतात किंवा लॅबमध्ये सगळं बसवलेलं असतं. पहिल्या दिवसाचा सिलॅबस येईपर्यंत थांबा. फिगमा हे पडद्यावरची रचना करायचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतं. पुस्तकांचंही तसंच: नोंदणी करताना "झेडटीसी" लिहिलेले वर्ग शोधा, त्यांना पुस्तकाचा खर्च नाही.

## ८. नेटवर्किंग शिकताना: हात आधी

क्रम असा ठेवा: हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम, मग नेटवर्किंगची मूलतत्त्वं, मग लिनक्स, मग सिक्युरिटी किंवा क्लाउड. "सायबर सिक्युरिटीत पैसा आहे" ऐकून थेट चौथ्या पायरीवर उडी मारणारे पोर्ट, गेटवे, डीएनएस हे शब्द पाठ करत बसतात. ज्याला नेटवर्क बांधता येत नाही त्याला ते सुरक्षित करता येणार नाही.

पहिल्या दोन महिन्यांत अडखळायला होतं ते सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याला. व्हिडिओ बघून ते समजल्यासारखं वाटतं आणि परीक्षेत हात थांबतो. रोज पाच गणितं वहीत सोडवा. उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१००, मास्क /२६. शेवटच्या भागाचा मास्क १९२. २५६ मधून १९२ गेले की ६४, हा गठ्ठा. गठ्ठे सुरू होतात ०, ६४, १२८, १९२ ला. १०० बसतो ६४ च्या गठ्ठ्यात. म्हणून नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, यंत्रांना देता येतात ६५ ते १२६, एकूण ६२ पत्ते. आकडेमोडीची सवय असलेल्या आपल्या मुलींना हे दहा दिवसांत जमतं.

केबलचं टोक बसवताना टी५६८बी या ठरलेल्या पद्धतीचा रंगक्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्याची जोडी येते; हिरवा-हिरवा शेजारी लावला की जोडणी चुकते. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत जाईल एवढं ठेवा, नाहीतर ओढ बसली की तारा निघतात.

लॅबमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका:

- राउटरचा इंटरफेस मुळात बंद असतो. पत्ता दिला पण "नो शटडाउन" ही तो सुरू करायची आज्ञा दिली नाही. स्विचचे पोर्ट चालू असतात, म्हणून राउटरवर विसरायला होतं.
- रनिंग कॉन्फिग (सध्या चालू असलेली मांडणी) स्टार्टअपमध्ये कॉपी केली नाही. यंत्र पुन्हा सुरू केलं आणि दोन तासांचं काम गेलं.
- पीसीला पत्ता दिला, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचा रस्ता) रिकामा ठेवला. मग आतलं पिंग (पोहोचतंय का ते बघायचा संदेश) जातं, बाहेरचं जात नाही.

बिघाड शोधताना खालून वर जा. दिवा लागलाय का, केबल बरोबर पोर्टमध्ये आहे का, स्वतःचा पत्ता बरोबर आहे का, गेटवेला पिंग जातं का, बाहेरच्या पत्त्याला जातं का, आणि शेवटी नावाने जातं का. पत्त्याला जातं पण नावाने जात नाही, म्हणजे बिघाड डीएनएसमध्ये, नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. प्रत्येक लॅब त्यात दोनदा करा: एकदा सूचना बघून, दुसऱ्या दिवशी सूचना झाकून. मैत्रिणीची फाइल मागून घेतलीत तर प्रात्यक्षिक परीक्षेत उघडं पडायला वेळ लागत नाही, आणि कॉलेजचे अप्रामाणिकपणाचे नियम कडक आहेत.

## ९. डिझाइन शिकताना: प्रक्रियेला गुण असतात

आपल्याकडे अंतिम उत्तरपत्रिकेला गुण मिळायचे, त्या सवयीने बऱ्याच जणी फक्त शेवटची सुबक फाइल जमा करतात आणि "सी" बघून रडकुंडीला येतात. इथे हाताने काढलेली वीस छोटी कच्ची रेखाटनं, नाकारलेले पर्याय, बदल का केला त्याचं कारण, सगळं मागतात. पहिल्या दिवसापासून काहीही पुसू नका, फेकू नका. फोटो काढून तारखेसह ठेवा. वर्गातल्या समीक्षेत गप्प बसू नका. दुसऱ्याच्या कामावर बोलणं हाही अभ्यासाचा भाग आहे: "छान आहे" याऐवजी "माझी नजर आधी तारखेवर गेली, शीर्षकावर नाही" असं सांगा.

वर्गांचा क्रम: आधी रचना, रंग आणि टायपोग्राफी, मग सॉफ्टवेअर. लोगो नेहमी व्हेक्टरमध्ये (कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या रेषांत), म्हणजे इलस्ट्रेटरमध्ये; फोटोशॉपमध्ये केलेला लोगो फलकाएवढा मोठा केला की फाटतो. छपाईसाठी सीएमवायके रंगपद्धत, ३०० पीपीआय (इंचामागे ठिपके) आणि कडेला अष्टमांश इंच ब्लीड (कापण्यासाठी जादा कड), पडद्यासाठी आरजीबी रंगपद्धत. वेबवरच्या साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडी अक्षरं सुंदर दिसतात, पण वाचता येत नाहीत.

तुमच्याकडे देवनागरी आहे, ती पोर्टफोलिओत दिसू द्या. गणेशोत्सवाचं द्विभाषिक पोस्टर वर्गातल्या इतर कुणाकडे नसेल. फक्त तांत्रिक बाजू नीट करा. इलस्ट्रेटरच्या टाइप प्रेफरन्सेसमध्ये इंडिक पर्याय चालू करा आणि इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. मुक्ता, बलू, टिरो देवनागरी मराठी हे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात. आईबाबांच्या संगणकावरचे जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरू नका, दुसऱ्या यंत्रावर अक्षरांचा चुराडा होतो.

तपासा: फाइल देण्याआधी ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघितली का? इनडिझाइनची फाइल "पॅकेज" करून दिली का? चित्रं कुठून घेतली आणि त्यांचा परवाना काय, हे लिहिलं का? एआय वापरायचं की नाही याबद्दल सिलॅबसमध्ये काय म्हटलंय?

## १०. बाहेरची परीक्षा आणि सर्टिफिकेटचा अर्ज

कॉलेजचं सर्टिफिकेट आणि उद्योगातलं सर्टिफिकेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लसला दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक देऊन सर्टिफिकेशन मिळत नाही. त्याच संस्थेच्या नेटवर्क प्लसला ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १०० ते ९०० च्या मापावर ७२०. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेशनचा अभ्यास कॉलेजात सहसा तीन वर्गांत विभागलेला असतो. पहिला वर्ग संपवून ती परीक्षा द्यायला जाऊ नका. ही सर्टिफिकेशन्स तीन वर्षं टिकतात. म्हणूनच ईएडी दोन-तीन वर्षं दूर असेल तर वर्ग आता करा आणि परीक्षा काम करण्याची परवानगी दृष्टिपथात आल्यावर द्या. तोवर आठवड्याला एक लॅब चालू ठेवा. परवानगी हातात असेल तर मात्र वर्ग संपल्यापासून सहा आठवड्यांच्या आत. विद्यार्थी सवलत आणि सिस्को ॲकॅडमीचं व्हाउचर (फीतली सूट देणारं कुपन) मिळतं का, ते फी भरण्याआधी विचारा.

शेवटचं काम बहुतेकींकडून राहतं. सगळे वर्ग उत्तीर्ण झाले म्हणून सर्टिफिकेट घरी येईलच असं धरू नका. बहुतेक ठिकाणी त्यासाठी पिटिशन म्हणजे वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि त्याला मुदत असते. शेवटच्या सत्राची नोंदणी कराल त्याच दिवशी ती तारीख शोधा. ज्या वर्षीच्या कॅटलॉगप्रमाणे सुरुवात केली त्याच अटी तुम्हाला लागू राहतात, मात्र मधे खंड पडला तर तो हक्क जाऊ शकतो. म्हणून बाळंतपण किंवा भारतातली लांब सुट्टी असेल तर आधी काउन्सेलरला सांगा. एखादा वर्ग बंद होऊन त्याऐवजी दुसरा घेतला असेल तर पर्यायी विषयाचा फॉर्म पिटिशनच्या आधी मंजूर करून घ्या.

प्रत्येक वर्गाचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, कॅनव्हासवरचा वर्ग काही काळाने दिसेनासा होतो. आणि पिटिशन पाठवण्याआधी पोर्टलवरचं नाव व पत्ता पुन्हा वाचा. लीज बदलली असेल तर छापील सर्टिफिकेट जुन्या अपार्टमेंटच्या टपालपेटीत जाऊन पडतं, आणि दुसरी प्रत मागवायची तर पुन्हा फॉर्म, पुन्हा वाट पाहणं.